हेडफोनमधली गिटार

"घरात आवाज अजिबात नको," डॉक्टरांनी बजावलं, तसा गिटारवाल्याने आपल्या इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर बंद केला. आजारी बायकोच्या खोलीच्या भिंतीपलीकडे बसून तो हेडफोन लावून रोज वाजवायचा. रेकॉर्डिंगच्या वायरीतून एकेक धून कॉम्प्युटरवर साठत होती. ती बरी झाली की सगळ्या ऐकवायच्या, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

चार महिन्यांनी ती गेली. खोली आवरताना धाकट्या मेहुणीने उशीचा अभ्रा काढला आणि ओंजळभर गोळ्या जमिनीवर सांडल्या.

"हिने औषध घेतलंच नाही?" त्याने एक गोळी उचलून पाहिली.

"भावोजी, तुम्ही गिटार सोडलीत ना, तेव्हाच ताई म्हणाली होती, 'डॉक्टरांनी ह्यांना खरं काय ते सांगितलेलं दिसतंय. आता मी काही उठत नाही.'"