कुठे गेले?

“गेले हो. आमचे हे गेले.”

“कुठे गेले?” तिने विचारलं.

मागे उभ्या असलेल्या साहेबांनी डोळेच मिटून घेतले. ॲम्ब्युलन्ससाठी येणारे फोन घेणं हे तिचं काम, आणि याच प्रश्नावरून गेल्या महिन्यात तिच्याविरुद्ध तक्रार आली होती. घरात माणूस गेलाय आणि ही बया विचारते कुठे गेला, थट्टा करते की काय आमची? साहेबांनी तिला बोलावून चांगलं झापलं होतं. आज तर ते स्वतःचा हेडफोन तिच्या फोनला जोडून, मुद्दाम ऐकायला येऊन उभे होते. आणि बाईसाहेबांनी पहिल्याच वाक्याला तेच विचारलं.

पलीकडची बाई उखडली. “कुठे म्हणजे? काय बोलताय तुम्ही? इथेच पडलेत, स्वयंपाकघरात, माझ्यासमोर.”

“मग अजून गेले नाहीत, काकू. पत्ता सांगा.”

तिचं म्हणणं एवढंच होतं. ‘गेले’ म्हटलं की लोक हातपाय गाळून बसतात, मग पुढचं काही ऐकूच येत नाही त्यांना. कुठे म्हणून विचारलं की चिडून का होईना, वळून बघतात. साहेबांना हे तिने सांगून पाहिलं होतं. त्यांना काही ते पटलं नव्हतं.

चिडलेल्या काकूंनी पत्ता अगदी घडाघडा सांगितला. गाडी निघाली. काय झालं तेही कळलं. काकांनी कवळी न लावताच सफरचंदाची फोड तोंडात टाकली होती, वर बोलणं चालूच. फोड घशात अडकली, चेहरा काळानिळा झाला आणि ते खुर्चीवरून खाली आले. आता हाक मारली तर ओ देत नव्हते. छातीही हलत नव्हती.

तिने काकूंना दार उघडं टाकायला लावलं, फोन स्पीकरवर ठेवून गुडघ्यांवर बसायला लावलं. एका हातावर दुसरा हात, छातीच्या मधोमध, आणि सगळा भार टाकून दाबायचं. भरभर, न थांबता.

“त्यांना लागेल हो.”

“लागू दे.”

“मी कधी यांच्यावर आवाजसुद्धा चढवला नाही.”

“मग आज चढवा, काकू. आत साठलं असेल ते सगळं हातात येऊ द्या.”

ती मोजायला लागली. पहिल्यांदा काकू दबकत दबकत दाबत होत्या, पीठ मऊ झालंय का बघावं तसं. ते तिला त्यांच्या श्वासावरून कळत होतं. जोरात, ती म्हणाली, अजून जोरात. मग कुठूनसा काकूंचा आवाज आला.

“कवळी. लावा. म्हटलं. होतं.”

शब्दागणिक एक दाब.

“कधी. ऐकलंय. माझं. कधी. तरी. ऐकलंय.”

तिने मोजणं बंद केलं. काकूंचा ठेका तिच्यापेक्षा पक्का होता. संसारभराचं साठलेलं भसाभस बाहेर येत होतं: ओले टॉवेल, उघडे नळ, जावयासमोर केलेला पाणउतारा. शेजारच्या टेबलावरची मुलगी हसू दाबत होती आणि डोळेही पुसत होती. मधेच काकूंना थांबवून काकांच्या तोंडात बघायला सांगितलं. दिसलं तरच काढा, उगाच बोट घालू नका. काही दिसत नव्हतं. पुन्हा दाबा.

“दमले हो मी.”

“माहितीय. सोडायचं नाही. गाडी तुमच्या गल्लीत वळतेय.”

गाडी अजून चौकातच होती. साहेब पडद्यावरच्या गाडीच्या ठिपक्याकडे बघत पुटपुटत होते, हल की, हल की बाबा. ठिपका हलला.

“फोड,” काकू एकदम म्हणाल्या. “फोड दिसतेय. आली, हातात आली.” पाठोपाठ घशातून काहीतरी खरखरलं. ते काकांचं की काकूंचं, ते काही कळेना.

“श्वास येतोय का? काकू, छाती बघा.”

बुटांचे आवाज आले, बाजूला व्हा, बाजूला व्हा असं कोणीतरी म्हणालं, फोनला कोणाचा तरी पाय लागला. मग नुसती खुडबुड, आणि बऱ्याच वेळाने तीही थांबली.

आपली माणसं पोचली की फोन ठेवायचा, असा नियम आहे. तिने ठेवला नाही. साहेबांनीही हेडफोन काढला नाही. त्या रिकाम्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो दोघंही ऐकत राहिले.

कोणीतरी फोन उचलला.

“ताई, आहात का अजून?” काकूंचा आवाज पार खोल गेला होता. “गेले.”

तिने तोंड उघडलं. रोजचा प्रश्न, पण आज विचारवेना. तिने वळून साहेबांकडे बघितलं.

साहेबांनी वाकून आपल्या माइकचं बटण दाबलं.

“कुठे गेले, काकू?” त्यांचाही आवाज धड नव्हता.

“अहो, दवाखान्यात. वरच्या मजल्यावरचा मुलगा बसलाय गाडीत त्यांच्याबरोबर. लेक येतेय मला न्यायला, म्हटलं तोवर यांची कवळी घेऊन ठेवावी.” काकूंनी नाक ओढलं. “गाडीबरोबरचे डॉक्टर सांगत होते, आता अजिबात बोलायचं नाही म्हणून. ऐकतील तर शपथ. दारातून मान वळवून बोललेच.”

“काय बोलले?”

“येतो गं, म्हणाले.”