बिनहॉर्नची गाडी

डॅशबोर्डवर मोबाईलचा स्टँड बसवताना कापडे गावच्या अण्णांनी लांबलचक स्क्रू पिळला आणि आतल्या वायरीच तुटल्या. टोचन करून गाडी महाडला बुद्धरत्नच्या गॅरेजात आली. त्याने एकेक वायर जोडली. दिवे लागले, वायपर फिरले.

"हॉर्न वाजत नाय रे!"

"त्याचा पार्ट मुंबईवरनं यायचा हाय. आठ दिवस."

"तवर गावातनं गाडी काढू कशी?"

"काच खाली करायची, अण्णा, नि हात जोडून म्हणायचं, बाबांनो, जरा वाट द्या."

अण्णा चडफडत गेले. बुद्धरत्नने अण्णांच्या गाडीतून काढून ठेवलेला हॉर्नचा चांगला फ्यूज खिशातून काढला आणि भिंतीवरच्या बापाच्या फोटोपुढे ठेवला. त्या बापाचं प्रेत खांद्यावर घेऊन निघालेल्या अख्ख्या वस्तीला याच हॉर्नने रस्त्याखाली, चिखलात उतरवलं होतं.