पिवळं बटण

ह्यांना जाऊन महिना होत नाही तोच अग्निशमन दलाचा कारकून गणवेश न्यायला दारात उभा. “सरकारी माल आहे वहिनी, जमा करावाच लागतो.” शोकसभेत हेच लोक ‘आमचा माणूस गेला’ म्हणून गळे काढत होते. खोटं नव्हतं, लेकीच्या वाढदिवसालाही भोंगा वाजला की हे हातातला घास टाकून पळायचे. लेक सासरी, घरात मी एकटी. मी खुंटीवरचा शर्ट दिला. बटणं तपासताना कारकून अडला. खिशावर लेकीच्या लहानपणीच्या फ्रॉकचं पिवळं बटण होतं, ह्यांनीच लावलेलं. “साहेब झापतील,” मी म्हणायचे. “झापू देत,” हे हसायचे. “पोरगी ड्युटीवर सोबत असते.” कारकून कुरकुरला, “हे बटण आमचं नाही.” मी कात्रीने ते कापून मुठीत घेतलं. “उपकार झाले, भाऊ. इतक्या वर्षांत ह्यांच्या अंगावर तुमचं नसलेलं काहीतरी एकदाचं सापडलं.”