कोरडी असते तोवर

"ताई, आवर आता. गाडी चुकेल," मामा दारातूनच म्हणाला. त्याने बूटही काढले नव्हते. चिमणीची बॅग त्याच्या हातात होती.

आई नुकतीच कामावरून आली होती. चिमणी पलंगावर हात गुडघ्यांवर टेकून ताठ बसली होती. आडवं झालं की तिचा श्वास अडकायचा. आत्ताही गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता आणि छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. काल तर तिचे ओठ निळसर पडले. मामाच्या गावची हवा मोकळी. पोरगी तिकडेच राहील, तिकडच्याच शाळेत जाईल, असं ठरलं. ठरलं म्हणजे मामा बोलला आणि आई गप्प बसली.

नव्या वर्गात गेली आणि हा दम पोरीच्या मागे लागला. डॉक्टर म्हणाले, घरातली धूळ काढा. आईने पडदे काढले. गादी काढली. शेवटी मांजरही देऊन टाकलं. त्या दिवशी चिमणी रडली नाही, नुसती दाराकडे बघत राहिली. दम मात्र हटला नाही. सुट्टीच्या दिवशी तेवढा तो गायब व्हायचा. त्या दिवशी आई डोक्यावरून अंघोळ करायची, कामाचे कपडे भिजत घालायची, आणि चिमणी गल्लीभर खिदळत फिरायची.

"आई घरी असली की बाईसाहेब ठणठणीत!" मामा म्हणायचा. "हा दम नाही गं ताई, लाड आहेत नुसते."

शेजारणीलाही तसंच वाटायचं. पोर आईविना झुरते, तुझ्या वासाचं काहीतरी तिच्याजवळ ठेवत जा, असं तिने सांगितलं होतं. म्हणून घरात पाऊल टाकलं की आई हातपायही न धुता आधी लेकीला पोटाशी घ्यायची. कामावर तोंडाला बांधायचा स्कार्फ रात्री तिच्या उशाशी ठेवायची. चिमणी तो नाकाशी धरूनच झोपायची.

तोच स्कार्फ आईने आता तिच्या गळ्याभोवती गुंडाळला. "मामाकडे झोप आली नाही, तर हा आहे. काय?"

"आधी ओळखू दे," चिमणी म्हणाली.

हा त्यांचा रोजचा खेळ. चेहरा धुण्याची पावडर बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात आई मिश्रण करायची. पिशव्या फोडायच्या, पिंपात ओतायच्या, सगळं ढवळायचं. कितीही झटकलं तरी बाहीच्या घडीत थोडं उरायचंच. त्या बाहीत नाक खुपसून चिमणी ओळखायची, आज आईने काय काय मिसळलं.

"ताई…"

"एकच मिनिट रे."

चिमणीने आईची बाही ओढली आणि जमेल तेवढा श्वास घेतला. "पांढरी माती."

"ती काय करते?"

"तेल पिते." थांबून तिने दम गोळा केला. "ओटचं पीठ. ते शांत करतं. फेसाची पावडर, ती मळ उचलते. आणि… पपई!"

"शाब्बास गं माझी बाय. पपईच्या चिकाची पावडर."

ही पावडर कारखान्यात या वर्षीच आली होती. चिमणीचा नवा वर्ग सुरू झाला, त्याच सुमारास मालकाने तिच्या पिशव्या आणल्या होत्या. आईला तिच्याबद्दल सांगायला फार आवडायचं.

"कोरडी असते तोवर ती झोपलेली असते," आई म्हणाली. "म्हणून डबीत कोरडीच भरायची. पाणी लागलं की…"

"जागी होते! आणि मेलेली कातडी खाते."

"आणि जिवंत?"

"जिवंत नाही खात."

"तिला कुठे कळतंय, मेलेली कुठली नि जिवंत कुठली? आपण लगेच धुऊन टाकतो, म्हणून ती थांबते. नाही धुतली तर नुसती आग होते."

चिमणीने बाहीतून नाक बाहेर काढलं आणि मनगटाने पुसलं. मनगट ओलं झालं. त्याच्याकडे ती बघत राहिली.

"आई, मग हुंगल्यावर? नाकात तर ओलंच असतं. आत कसं धुवायचं?"

मामा हसला. "घ्या! हिला पण कारखान्यातच लावा आता."

आई हसली नाही. पपईची पिशवी फोडताना तिचा स्वतःचाही घसा धरायचा. म्हणूनच तर ती तोंडाला स्कार्फ बांधायची. तिने चिमणीच्या गळ्यातल्या स्कार्फकडे पाहिलं. त्याच्या विणीत पांढरं काहीतरी बसलं होतं. झोपलेलं काही जागं होऊ नये म्हणून उचलावं, तसा तिने तो दोन बोटांनी हळूच सोडवला. मग ती मागे सरकली, पाठ भिंतीला टेकेपर्यंत.

"आई, जवळ घे ना." चिमणीने हात पसरले.

"नको. तिथेच थांब. माझ्याजवळ येऊ नकोस."

"मी काय केलं?"

आई मामाकडे वळली. "बॅग खाली ठेव," ती मामाला म्हणाली. "पोरगी कुठेही जाणार नाही. घरातून काढायचं ते अजून निघालंच नाही."

मामाने उघड्या खिडकीकडे पाहिलं, पलंगावरच्या नव्या गादीकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या मांजराच्या रिकाम्या वाडग्याकडे पाहिलं. "आता काय राहिलंय काढायचं?"

"मी," आई म्हणाली.