कुऱ्हाडीची धार

बेलापुरात नव्या रस्त्याआड आलेला आंबा तोडायचं काम रोहिदासला मिळालं. आंबा त्याच्याच बापानं लावलेला. ढोलीत घुबडाची तीन पिल्लं निघाली. भरल्या घरट्याला कुऱ्हाड लावायची नाही, ही गावची रीत. चार दिवस तो मुकादमाला सांगत राहिला, “कुऱ्हाडीला धार नाय.” पाचव्या दिवशी मुकादम तडकला, “आज घाव घाल, नाहीतर दुसरा आणतो.” ऊन कलताच दोन पिल्लं उडाली. कॉलनीतल्या सुनीतीबाई कॅमेरा रोखून कुजबुजल्या, “रोलमध्ये एकच फोटो उरलाय.” तिसरं ढोलीच्या तोंडाशी बसूनच. मुकादम येताना दिसला. “उड गो बाय,” रोहिदास पुटपुटला. पिल्लू कोसळलं, मध्येच पंख उघडून बाभळीवर टेकलं. कॅमेरा वाजला. रोहिदासचा जीव भांड्यात पडला. त्यानं गोणपाटातून कुऱ्हाड काढली. मुकादमानं पात्यावर अंगठा फिरवला. “धार कधी लावलीस?” बाभळीकडे बघत रोहिदास हसला, “आताच.”