एक भागिले तीन

शिवगंगा फळ्यापाशी थांबली आणि तिनं वळून मार्तंड गुरुजींकडं पाहिलं. एकाला तीननं भागायचं होतं. उत्तराच्या जागी शून्य, दशांशचिन्ह आणि पुढं ओळीनं सहा वेळा तीन. खाली बाकी पुन्हा एक.

"गुरुजी, संपंना की हो," ती हळूच म्हणाली.

शाळा तपासायला, मुआयन्याला आलेले साहेब मागं खुर्चीवर वही उघडून बसले होते. शेर-गज जाऊन किलो-मीटर आल्यापासून दशांश शिकवता येतील त्यालाच चौथी द्यायची, असा वरून हुकूम होता. पावकी-निमकीत हयात गेलेल्या गुरुजींना ते जमलं नाही, तर उद्यापासून त्यांनी पहिलीला ग म भ न गिरवून द्यायचं. गुरुजींनी महिनाभर मान मोडून तयारी केली होती. निम्मा, पाव, आठवा, सगळे कसे शहाण्यासारखे शून्यावर येऊन थांबत होते. साहेबांनी नेमका तिसरा भाग घातला, आणि त्याच्या वाटेला गुरुजी कधी गेलेच नव्हते!

त्यात या वर्गाची एक खोड. भागाकार संपला की सगळ्यांनी मांडीवर थाप मारून "बाकी शून्य!" म्हणून ओरडायचं. ही सवय लावली कुणी, तर गुरुजींनीच. बाकी उरेल असं गणित ते घालतच नसत. पोरं हिरमुसतात म्हणे. आताही सगळा वर्ग हात उचलून तयार बसला होता.

शिवगंगेनं गुरुजींच्या कपाळावरचा घाम पाहिला. लई मायाळू पोर ती. तिनं तळहातानं शेवटचा एक पुसला आणि तिथं शून्य काढायला घेतलं.

गुरुजींना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

"थांब बाळ," ते म्हणाले, "खोटं शून्य काढायचं नाही."

त्यांनी उठून खडू हातात घेतला. हे गणित आपल्यालाही आजच भेटतंय, तेव्हा सगळे मिळूनच बघू, असं त्यांनी साहेबांदेखत सांगून टाकलं. साहेबांची लेखणी थांबली.

एकावर शून्य घेतलं, दहा. तीन त्रिक नऊ. बाकी एक. पुन्हा शून्य, पुन्हा दहा, पुन्हा तीन त्रिक नऊ. आणि गुरुजींचा हात थबकला. अरे, सुरुवातीला घेतला होता तोच की हा एक! निघालो तिथंच परत आलो, तर पुढं निराळं होणार काय? पन्नाशीतल्या त्या माणसाला इतका आनंद झाला, की ते फळ्याकडं तोंड करून एकटेच हसले.

"पोरांनो, हा खडू संपेल, फळा संपेल," ते वळून म्हणाले, "पण हा एक उरणारच. उरला म्हणून गणित चुकलं नाही."

साहेब उठले. वही काखेत मारून दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "गुरुजी, उद्या चौथीला एकाचा सातवा भाग घाला. बघा कशी मजा येते."

साहेब गेले तरी वर्गाचे हात उचललेलेच होते. काय ओरडावं, कुणाला कळेना. शिवगंगेनं फळ्याकडं पाहिलं, गुरुजींकडं पाहिलं आणि थाड्दिशी मांडीवर थाप मारली.

"बाकी एक!"

मग सगळा वर्ग ओरडला. गुरुजींचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता.