सिस्टरबाईंचा पासवर्ड

दार किलकिलं झालं, पण साखळी काही निघाली नाही. फटीतून पोरीचा एकच डोळा दिसत होता.

तीन जिने चढून सिस्टरबाईंना धाप लागली होती. हातात टीबीच्या गोळ्यांचं पाकीट. अकरा दिवस पोरगी दवाखान्याकडे फिरकलीच नव्हती. औषध असं मध्येच सोडलं की हा रोग पार डोक्यावर बसतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"शिवणाच्या दुकानातून काढलं मला," पोरगी म्हणाली. "मालकिणीला माझा रिपोर्ट कळला. मी तक्रार केली, तर तुमच्याच ऑफिसनं सांगितलं, फाइल तुमच्या नावानं उघडली होती."

"नाव माझं. पण बघणारी मी नव्हते गं."

"मग कोण?"

झाली का पंचाईत! सिस्टरबाईंचा पासवर्ड निम्म्या दवाखान्याला पाठ होता. स्वतःचा हवा तर अर्ज करा, महिनाभर वाट बघा, आणि बाहेर पेशंटची ही रांग. 'सिस्टर, तेवढं तुमच्या नावानं उघडू का?' 'उघड की, त्यात काय एवढं!' कंपाउंडर, लॅबवाला, केसपेपरवाली, अगदी ड्रायव्हरसुद्धा. फाइल उघडली गेली त्या दुपारी त्या स्वतः एका बाळंतिणीपाशी होत्या. कॉम्प्युटरनं मात्र इमानेइतबारे त्यांचंच नाव नोंदवलं होतं.

"ठाऊक नाही बाळा. चौघांना दिला होता मी. चूक माझीच आहे. पण कालच बदलला. आता तुझी फाइल डॉक्टरांना दिसते आणि मला. बास."

पोरीनं साखळी काही काढली नाही.

"मग तुमचंही बघणं बंद करा. तरच गोळ्या घेते."

तीस वर्षांत सिस्टरबाईंना असं तोंडावर कोणी बोललं नव्हतं. राग आला, रडूही आलं. दोन्ही गिळून त्यांनी तिथेच, जिन्यात उभ्या उभ्या, ऑफिसच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"त्या पोरीच्या फाइलवरून माझं नाव काढा. हो, आत्ताच्या आत्ता."

"अहो सिस्टर, मग तिच्या गोळ्यांचं बघणार कोण?"

फटीतला डोळा त्यांच्यावरच खिळलेला होता.

"पासवर्ड मागणाऱ्याला जिला नाही म्हणता येतं," सिस्टरबाई म्हणाल्या, "अशी कोणी असेल, तर तिला द्या."